तागड सरांची वाघर

"डिक्शनरी घरी ठेवून यायची. ती इथं आली तर तुम्ही झोपाल अन् ती शिकंल."

क्लासच्या पहिल्या दिवशी तागड सर प्रत्येकाला हे ऐकवायचे. इंग्रजी शिकवणारा माणूस आणि डिक्शनरीवर बंदी, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. मी तर मैत्रिणीकडून मागून आणलेली जाडजूड डिक्शनरी पदराखाली धरून गेले होते. सरांनी ती घेतली, वजन करून बघितली आणि खिडकी वाऱ्यानं आपटू नये म्हणून तिच्याखाली लावून ठेवली. परत देताना म्हणाले, "हिचा बी उपयोग असतो, नाय असं नाय."

औरंगपुऱ्यात पिठाच्या गिरणीवर एक माडी होती, तिथं हा क्लास भरायचा. खाली गिरणी सुरू झाली की वर फळा थरथरायचा आणि सरांच्या काळ्या कोटावर पिठाचा पातळ थर बसायचा. तो त्यांनी कधी झटकला नाही. अंगात तो गळ्यापर्यंत बटणांचा कोट, खाली धोतर आणि खुर्चीवर घडी घातलेली घोंगडी. खुर्ची कितीही चांगली असली तरी घोंगडी पसरल्याशिवाय सर बसायचे नाहीत. एकदा एका कॉलेजात पाहुणे म्हणून बोलावलं, तिथं मखमली खुर्ची होती. सरांनी काखेतून घोंगडी काढली, खुर्चीवर टाकली, मग टेकले. लोक हसले. सरांना त्याचं काहीच नव्हतं.

सर जातीनं धनगर. घर दौलताबादच्या किल्ल्याखाली, पण बाप आणि चुलते मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने कन्नडच्या घाटाकडं. पहिलं शिक्षण निजामाच्या अमलात, उर्दूतून. त्यामुळं त्यांच्या तोंडात मराठी, उर्दू आणि इंग्रजी एकाच ताटात वाढलेली असायची. "तशरीफ ठेवा, मग ओपन युअर माउथ, अन् लई घाई करू नका," हे त्यांचं एक पूर्ण वाक्य होतं. बाकी चरित्र मला ठाऊक नाही आणि कधी विचारावंसंही वाटलं नाही.

तेव्हा आमचं गाव औरंगाबाद होतं आणि गावाबाहेर रोज एखादं नवं धुराडं दिसायचं. चिकलठाण्याला कारखाने झाले होते, वाळूजला जमिनी मोजत होते, पैठण रस्त्यावर चितेगावकडं शेड उभ्या राहत होत्या. मराठी शाळेतून आलेल्या सगळ्या पोरापोरींची गत एकच. हाताला काम येतं, पण मुलाखतीत साहेब इंग्रजीत एक प्रश्न विचारतो आणि आमची जीभ टाळूला चिकटते. मी चिकलठाण्याला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होते, मला स्टोअरमध्ये जायचं होतं. म्हणून मी त्या माडीचा जिना चढले.

गजानन माझ्यानंतर आठवडाभरानं आला. कन्नडकडचा, घरी ऊस, मोसंबी, अंगावर इस्त्रीचा शर्ट, शहरात वकील काकांकडं राहायला. त्याला सगळं येत होतं, असं त्याचं मत होतं. त्या दिवशी फळ्यावर शब्द होता 'रन'.

"रन म्हणजे पळणं," गजानन म्हणाला. म्हणजे झालंच.

"तुझ्या काकाची वकिली चालती का पळती?" सरांनी विचारलं.

"चालती की. जोरात चालती."

"ती इंग्रजीत कशी चालती?"

गजानननं विचार केला आणि म्हणाला, "वॉक."

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. म्हणाले, "इंग्रजाची वकिली पळती. गिरणी पळती, बस पळती, नळाचं पाणी पळतं अन् पोराचं नाक बी पळतं. का पळतं ते त्याला ठाऊक. आपल्याला कुठं कुठं पळतं तेवढं ठाऊक पायजे. जा आता. उद्या येताना ज्यानं त्यानं आपापल्या कामातला एक धरून आणायचा."

ही त्यांची रीत. आठवड्याला एकच शब्द, तोही रोजच्या वापरातला, दोन-चार अक्षरी. त्याचे अर्थ डिक्शनरीतून आणायचे नाहीत, आपण जिथं राबतो तिथून आणायचे. अशफाक पैठण गेटजवळ मोटारी रिवायंडिंगच्या दुकानात होता, त्यानं 'मोटार रन होते' आणलं. मी आणलं घर चालवणं. वडील गेल्यावर आईनं शिलाई मशीनवर आमचं घर चालवलं होतं, तेवढंच मला सुचलं. सरांनी ते वाक्य माझ्याकडून इंग्रजीत म्हणून घेतलं आणि सगळ्यांना सांगितलं, "हा अर्थ आता हिचा. कुणाला लागला तर हिच्याकडनं घ्यायचा." हसू नका, पण त्या दिवशी मी घरी जाताना कुणीतरी माझ्या नावावर जमीन केल्यासारखी चालले होते.

सगळे अर्थ येईपर्यंत शब्द पुढं सरकायचा नाही. सर त्याला वाघर लावणं म्हणायचे. धनगर रात्री मेंढरं जाळ्याच्या कुंपणात घालतात, ती वाघर. सरांच्या बापाचा नियम होता, एक जरी मेंढरू मागं राहिलं तरी वाघर उघडी, आणि वाघर उघडी तोवर कुणी जेवायचं नाही. तोच नियम सरांनी शब्दांना लावला. एखादा गैरहजर असला तर त्याचा अर्थ त्याच्याकडंच. सरांना विचारलं तर म्हणायचे, "माझ्याकडं कुठाय? ज्याला दिलाय त्याच्याकडं हाय." मग बाकावर जो त्याच्या शेजारी बसायचा, त्यानं त्याच्या घरी जाऊन त्याला घेऊन यायचं. ताप आला असेल तर निदान अर्थ तरी आणायचा. यात कुणाचीही सबब चालायची नाही. अशफाकच्या लग्नात त्याचा शेजारी हळदीच्या मांडवात जाऊन एक अर्थ घेऊन आला होता.

समानार्थी शब्दांना सर भाऊबंद म्हणायचे. "दिसायला सारखे, आडनाव एक. पण बांधावर उभे करा, मग कोण कोण हाय ते कळतं." त्यातली प्रल्हाद साळवेची गोष्ट मला पाठ आहे. साळवे चिकलठाण्याला फाउंड्रीत भट्टीवर हेल्पर होता. बोलायला कमी, हात भाजल्याच्या खुणांनी भरलेले, आणि अक्षर असं की छापलेलं वाटावं. त्यानं रजेचा अर्ज लिहून आणला, जुन्या पुस्तकातून उतरवलेला. सुरुवातच 'आय बेग' अशी.

सरांनी खडूनं फळ्यावर चार शब्द लिहिले. बेग, रिक्वेस्ट, आस्क, डिमांड. म्हणाले, "चौघं सख्खे भाऊ. चौघंबी मागतातच. पण हा पहिला हात पसरून मागतो. त्याला आपल्या घरात जागा नाय. रजा तुझ्या हक्काची हाय का साहेबाची मेहरबानी?"

"हक्काची."

"मग आस्क लिही. साहेबाचा मान ठेवायचा असंल तर रिक्वेस्ट लिही. बेग बिलकूल नाय."

"अन् चौथा, सर?" साळवेनं विचारलं. "डिमांड?"

"तो बी आपलाच हाय. वेळेला लागतो. पण रोज जेवायला बोलवायचा नाय, घर खातो."

साळवे खाली मान घालून हसला आणि त्यानं पहिला शब्द खोडला. पुढं त्यानं कुठल्याच अर्जात तो वापरला नाही. त्याच्या शेजारी गजानन बसायचा. त्यानंही गुपचूप आपला अर्ज काढून तेच केलेलं मी बघितलं. या दोघांना एका बाकावर कुणी बसवलं नव्हतं, गजानन उशिरा आला तेव्हा तेवढीच जागा उरली होती. पण जमलं त्यांचं. साळवेला व्याकरण यायचं आणि गजाननला धीटपणा, दोघं एकमेकांचं बघून भागवायचे.

रविवारी सर कारखान्यांकडं फिरायला जायचे. फाटकावरच्या पाट्या वाचायच्या, चहाच्या टपरीवर कामगारांना विचारायचं, याला तुम्ही काय म्हणता. एका वॉचमननं हटकलं, "किससे मिलना है, बाबा?" सर म्हणाले, "लफ्ज से." शब्दाला भेटायला आलाय म्हटल्यावर त्यानं वेडा समजून चहा पाजला. येताना सर त्याच्याकडून 'शिफ्ट'चे तीन अर्थ घेऊन आले आणि वॉचमनचे अर्थ म्हणून ते आम्हाला शिकवले.

मग 'चार्ज' हा शब्द आला. आमच्यासारख्यांना शब्द म्हणून तो नवा नव्हताच. अशफाकनं बॅटरीचा घेतला. मी शिफ्ट संपताना दुसरीच्या हाती काम सोपवतात तो घेतला. गजाननच्या वकील काकांमुळं आरोप त्याच्याकडं गेला. साळवेनं घेतला भट्टीचा. भट्टीत एका वेळेला किती लोखंड, किती कोक म्हणजे कोळसा, किती चुनखडी टाकायची त्यालाही चार्ज म्हणतात, हे आमच्यातल्या कुणाच्या कानावरही नव्हतं. सर खूश झाले. चितेगावच्या एका नव्या कंपनीतून साळवेला मुलाखतीचा बोलावा आला होता, भट्टीवरच्या सुपरवायझरच्या जागेसाठी. तिथं हेच विचारणार. सर म्हणाले, "सोमवारी तू उभा राहून सगळी भट्टी इंग्रजीत पेटवायची. मग वाघर लावू."

तो सोमवार आला नाही. विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला आणि शहर पेटलं. संचारबंदी लागली, बस बंद, कारखान्यांत निम्मे लोक. खेड्यांकडून घरं जाळल्याच्या बातम्या येत होत्या, आणि जी घरं जळत होती ती कुणाची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. साळवेच्या मामाचं घर गेलं. लाठीचार्ज हा अर्थ आमच्यातल्या कुणीच घेतला नव्हता. तो आपसूक आला, अशफाकच्या सुजलेल्या कोपरावर.

क्लास पुन्हा भरला तेव्हा साळवेची जागा रिकामी होती. त्याच्या वस्तीतले आणखी दोघं यायचे, तेही नव्हते. खालून गिरणीचे मालक बन्सीभाऊ वर आले. तसा भला माणूस, सणाला क्लाससाठी जिलबी पाठवणारा. ते सरांना कडेला घेऊन बोलले, पण माडी केवढीशी, आम्हाला सगळं ऐकू आलं.

"मास्तर, थोडे दिवस त्या पोरांना येऊ देऊ नका. माझं काय नाय, पण लोक बोलायला लागलेत. उद्या दगड आला तर जबाबदारी कुणाची?"

"माझी," सर म्हणाले.

"काचा माझ्या हायत, मास्तर."

"काचा तुमच्या. पोरं माझी."

बन्सीभाऊ खाली गेले. जाताना म्हणाले, ती पोरं आली तर माडी महिनाअखेरीला रिकामी करून द्यावी लागेल. सरांनी फळ्याकडं वळून 'चार्ज' लिहिलं, आलेले अर्थ खाली मांडले, मधे एक ओळ मोकळी सोडली आणि बसले. बसताना मात्र घोंगडी खुर्चीवर नव्हती. ती त्यांनी साळवेच्या जागेवर, गजाननच्या शेजारी, घडी घालून ठेवली होती. सरांना उघड्या खुर्चीवर बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

"सर, पुढचा शब्द घ्या," एकानं म्हटलं. "मुलाखती आल्यात."

"वाघर उघडी हाय."

"मला ठाऊक झालाय तो अर्थ. भट्टीत टाकायचा माल. मी डिक्शनरीत बघितला."

"डिक्शनरीतला तिथंच ठेव. आपला साळवेकडं हाय."

सगळ्यांच्या नजरा गजाननकडं गेल्या, कारण शेजारी तो होता. तो लालबुंद झाला. "मी त्या वस्तीत जाणार नाय, सर," तो म्हणाला. "माझ्या घरचे काय म्हणतील? अन् नावाच्या बाबतीत माझं मत येगळं हाय, तुम्हाला ठाऊक हाय."

"नको जाऊ," सर म्हणाले. "मी कुठं जा म्हटलो?" आणि पेपर उघडून वाचत बसले.

मला राग आला होता, खरं सांगते. गजाननचा तर आलाच, पण सरांचाही. आम्ही कामावरून थकून यायचो आणि हा माणूस एक ओळ मोकळी सोडून पेपर वाचतोय. साळवेची बहीण सुमन माझ्याच कंपनीत, माझ्या शेजारी बाटल्यांना लेबलं लावायची. तिला मी म्हटलं, अगं तुझ्या भावाला पाठव की, आमचं सगळं अडलंय. ती हातातलं काम न थांबवता म्हणाली, "सर येऊन गेले घरी. संचारबंदी उठली त्याच दिवशी. च्या घेतला, दोन तास बसले."

"मग?"

"दादा म्हणाला, माझ्यामुळं तुमच्या माडीला दगड नको. सर म्हणाले, माडीची फिकीर बन्सीभाऊ करील, तू तुझं बोल. मग दादा म्हणाला, नियम तुमचाच हाय सर. आणायला शेजारी येतो. तो आला तर येतो मी. तुमच्यासंगं येणार नाय."

"सर काय म्हणाले?"

"काय म्हणणार. खूश झाले. माझ्या आईला म्हणाले, पोरगं पक्कं झालंय, आता त्याला कुणी हलवू शकत नाय."

म्हणजे सर अडून बसले नव्हते, वाट बघत होते. साळवेची मुलाखत जवळ येत होती, माडी जाणार होती, आणि सगळं येऊन थांबलं होतं गजाननच्या पायांपाशी. सरांनी त्याला हुकूम केला असता तर तो गेलाही असता, तोंडदेखला. ते सरांना नको होतं.

रोज संध्याकाळी तसंच. फळ्यावर तो शब्द, मोकळी ओळ, सरांचा पेपर. पोरं गळायला लागली. उस्मानपुऱ्यात एक नवा क्लास निघाला होता, पाठ करून घेणारा, तिकडं बरेच गेले. सरांची चूल या क्लासवर होती, तरी त्यांच्या चेहऱ्यावर काळजी म्हणून दिसली नाही. उलट आम्ही उरलेले चौघं-पाचजण कुरकुरलो की म्हणायचे, "शब्द काय बस हाय का सुटायला?" गजानन मात्र एक दिवस चुकला नाही. त्याच्या काकांनी हा क्लास सोड म्हणून बजावलं होतं. तरी तो यायचा, त्या घोंगडीशेजारी बसायचा, तिच्याकडं न बघायचा प्रयत्न करायचा. कन्नडकडचा माणूस तो. धनगर आपली घोंगडी मानाच्या माणसासाठीच अंथरतो, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

एका संध्याकाळी खाली गिरणी बंद होती, त्यामुळं वर फारच शांत होतं. सरांनी पेपरचं पान उलटलं. गजानन उठला. त्यानं घोंगडी उचलली, खांद्यावर टाकली आणि जिन्याकडं निघाला.

"कुठं?" सरांनी पेपरातून वर न बघता विचारलं.

"आणायला."

"घोंगडी कशाला?"

"तिथं मला कोण वळखतं? हिला वळखतील."

सरांनी पेपर खाली ठेवला. "सायकल घेऊन जा माझी," एवढंच बोलले. मला मात्र रडू आलं आणि मी फळ्याकडं तोंड केलं.

पुढचं मला सुमननं सांगितलं. गजानन गल्लीच्या तोंडाशी उतरला आणि सायकल हातात धरून चालत आला. तरणी पोरं आडवी आली. त्याच्या खांद्यावरची घोंगडी बघून बाजूला झाली, पण मागोमाग चालत राहिली. दारात साळवेची आई बसली होती. तिनं विचारलं, "कोण पायजे?" गजाननला नाव सांगवेना. त्याचं आडनाव त्या दिवसांत त्या दारात कसं ऐकू आलं असतं, हे त्याला कळत होतं.

"मी शेजारी," तो म्हणाला.

"कुठला शेजारी?"

"बाकावरचा."

म्हातारीनं त्याच्याकडं नीट बघितलं. मग आत तोंड करून म्हणाली, "पल्या, तुझा शेजारी आलाय. उशीर केला, पण आलाय." साळवे बाहेर आला. दोघं काय बोलले ते सुमनलाही ठाऊक नाही, कारण तिला आईनं चहा टाकायला पाठवलं. चहा घेऊन ती आली तर दोघं उंबऱ्यावर बसले होते आणि साळवे खडूच्या तुकड्यानं फरशीवर भट्टी काढून दाखवत होता.

दुसऱ्या दिवशी साळवे आला. बाकीचे दोघंही आले. त्यानं उभं राहून भट्टी पेटवली, इंग्रजीत. खाली कोकचा थर, वर लोखंड, मग चुनखडी, पुन्हा कोक. एकदोनदा अडला. तेव्हा गजानननं बसल्या जागेवरून हळूच शब्द पुरवला. शेवटी साळवे म्हणाला, "धिस इज वन चार्ज." सरांनी मोकळी ओळ भरली. मग खडू खाली न ठेवता त्यांनी सगळ्यांत खाली आणखी एक अर्थ लिहिला. प्रत्येक शब्दातला एक ते स्वतःसाठी राखून ठेवत आणि शेवटी सांगत. म्हणाले, "चार्ज म्हणजे ज्याला सांभाळायचं काम आपल्यावर आलंय ते माणूस. हा माझा. त्या दिवशी बन्सीभाऊला सांगितला, तेव्हा तुम्ही ऐकला असंल." आणि शब्दाभोवती खडूनं एक गोल काढला. वाघर लागली.

बन्सीभाऊंनी शब्द पाळला, माडी गेली. आम्ही हळहळत होतो. सर एका हातात फळा आणि काखेत घोंगडी घेऊन जिना उतरत म्हणाले, "रडता कशाला? वाघर म्हणजे काय भिंत हाय? जाळं हाय ते. एका रानातनं उपटायची, दुसऱ्या रानात लावायची." अशफाकच्या दुकानामागं पत्र्याची शेड होती. तिथं क्लास पुढं बरीच वर्षं चालला. उस्मानपुऱ्याला गेलेले हळूहळू परतले आणि सरांनी कुणालाही टोमणा मारला नाही. साळवेला चितेगावची जागा मिळाली. गजाननचं मत बदललं का, हे मला विचारू नका. नामांतरावरून त्या दोघांची शेडमध्ये कडाक्याची भांडणं व्हायची, आणि भांडण झाल्यावर गजानन सरकून साळवेला बाकावर जागा द्यायचा. सर त्यांना थांबवायचे नाहीत. फक्त म्हणायचे, "इंग्रजीत भांडा. फुकट वेळ घालवू नका."

मी स्टोअरमध्ये गेले, तिथून पुढं निवृत्तीपर्यंत पोचले. आजही कुणी मला एखादा इंग्रजी शब्द विचारला तर मी आधी विचारते, तू काम कुठं करतोस.

सरांना मी शेवटचं बघितलं ते विद्यापीठाचं नाव अखेर बदललं, म्हणजे वाढलं, त्यानंतर काही वर्षांनी. ते दौलताबादला पुतण्याकडं राहायला गेले होते. कुणीतरी सांगितलं, सरांना आता माणसं ओळखू येत नाहीत. गजानन आणि मी त्याच्या स्कूटरवर गेलो. एव्हाना त्याचं पोट सुटलं होतं, केस गेले होते.

सर ओसरीवर बाजेवर बसले होते, खाली तीच घोंगडी. कोट तोच, फक्त आतला माणूस कमी झाला होता. मी नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण डोळ्यांत काही नव्हतं. गजानननं नाव सांगितलं, गावही सांगितलं. तेही गेलं. पुतण्याची बायको, म्हणजे सरांची सून, म्हणाली, घरच्यांचं बी तसंच हाय, वाईट वाटून घेऊ नका. मला वाईट वाटलंच. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी त्यांच्यापुढं बसले आणि म्हटलं, "सर, रन."

"घर चालवणं," सर ताडकन म्हणाले. माझ्याकडं बघून ओळखीचं हसले. "आई कशी हाय? मशीन चालू हाय का?"

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी म्हटलं, "चालू हाय, सर."

गजानन पुढं झाला. "सर, चार्ज. आरोप."

"वकिलाचा पुतण्या," सर म्हणाले आणि त्याचा हात धरला. मग माझ्याकडं बघितलं, गजाननकडं बघितलं, आमच्या मागं रस्त्याकडं बघितलं. चेहरा बदलला. "एक कमी हाय," ते म्हणाले. "भट्टीवाला कुठाय?"

"तो कामावर हाय, सर. चितेगावला. आज त्याला सुटी नाय."

"शेजारी कोण त्याचा?"

तेवढ्यात सून जेवायला बोलवायला आली. सर हलले नाहीत. "वाघर उघडी हाय," म्हणाले. ती म्हणाली, रोज असंच करतात, कुणाची वाट बघतात तेच कळत नाय, मग निजतात तसेच उपाशी.

गजानन उठला. "सर, जरा सरका," तो म्हणाला. सर सरकले. त्यानं त्यांच्या खालची घोंगडी ओढून घेतली, खांद्यावर टाकली आणि स्कूटर सुरू केली. दौलताबादहून चितेगाव काही जवळ नाही, मधे अख्खं शहर पडतं. मी म्हटलं, फोन कर की त्याला. तो म्हणाला, "फोनवरनं आणतात व्हय?" आणि गेला.

उन्हं उतरेपर्यंत सर उघड्या बाजेवर बसून होते, नजर रस्त्यावर. मी शेजारी बसून होते. दिवस मावळायच्या सुमाराला किल्ल्याच्या वळणावर स्कूटर दिसली. पुढं गजानन, मागं साळवे, कंपनीच्या खाकी कपड्यांत, घोंगडी त्याच्या खांद्यावर. दोघं उतरून ओसरीशी आले. साळवेनं घोंगडी बाजेवर अंथरली आणि वाकून सरांच्या पायाला हात लावला. सरांनी त्याचे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले, भाजल्याच्या खुणांवरून बोट फिरवलं. मग आम्हा तिघांकडं एकेक करून बघितलं.

"लावा आता," म्हणाले, आणि हात धुवायला आत गेले.